शनिवारची वीस मिनिटे

पुण्याच्या पेठांमधील एका अनुदानित मराठी शाळेत मी गेली अनेक वर्षे माध्यमिक विभागात मराठी शिकवते. दर जूनमध्ये शिक्षक खोलीत दोन-तीन नवे चेहरे येतात. त्यांना विषयाचे ज्ञान असते आणि पाठ कसा घ्यावा हेही ठाऊक असते. पण ३० जणांच्या शिक्षकवृंदाने मिळून एकच काम धरून ठेवायचे म्हणजे काय, हे बी.एड.च्या अभ्यासक्रमात कोणी शिकवत नाही. मलाही ते फार उशिरा कळले, म्हणून जून २०२२ पासूनच्या एका सत्राचा अनुभव येथे मांडत आहे.

शाळेचे वर्ष कसे विखुरते, हे नवीन शिक्षकांनी आधी समजून घ्यावे. प्रवेश संपतात तोच पालख्या पुण्यात येतात, पेठांमधले रस्ते बंद होतात. मग गणेशोत्सव, चाचणी, क्रीडा स्पर्धा, शिष्यवृत्तीचे जादा तास, स्नेहसंमेलन आणि त्यातच यूडायसची, म्हणजे शाळांच्या सरकारी नोंद प्रणालीची, माहिती भरणे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता शिक्षकांना अशैक्षणिक काम देता येत नाही. परंतु निवडणुकीचेच काम आले की आठवडे निघून जातात. यात कोणी कामचुकार नसतो. प्रत्येक जण आपापला तास मन लावून घेतो, आणि तरीही सगळ्यांचे मिळून काय चालले आहे, हे कोणालाच सांगता येत नाही.

त्या जूनमध्ये सहावीच्या वर्गात एका मुलाची मराठीची वही मी हातात घेतली. अक्षर मोत्यासारखे, समास आखलेले, तारखा व्यवस्थित. मी त्याला कवितेतील एका शब्दावर बोट ठेवून तो वाचायला सांगितला. तो ओळीच्या सुरुवातीपासून म्हणू लागला आणि बोटापाशी न थांबता पुढे गेला. मी तळहाताने पान झाकले, तरी तो म्हणतच राहिला. त्याला कविता पाठ होती. वाचता एकही शब्द येत नव्हता. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा तो तिसरीत होता, चौथीचे अख्खे आणि पाचवीचे बहुतेक वर्ष त्याने घरातल्या एकुलत्या एका मोबाइलवर काढले, आणि तो मोबाइल दिवसभर वडिलांबरोबर कामावर जात असे.

पुढच्या शिक्षक सभेत मी जे बोलले, त्याचा मला आजही खेद वाटतो. ‘प्राथमिक विभागाने मग काय केले?’ असे मी सर्वांसमोर विचारले. प्राथमिकच्या बाई गप्प बसल्या, आणि पुढचा जवळजवळ महिनाभर दोन विभागांमध्ये कामापुरतेही बोलणे उरले नाही. ज्या मुलासाठी मी पोटतिडकीने बोलले होते, त्याचे नावसुद्धा त्या महिन्यात कोणी काढले नाही.

कोंडी फोडली ती आमच्या पर्यवेक्षकांनी. त्यांनी त्या मुलाच्या सगळ्या विषयांच्या वह्या मागवून घेतल्या आणि सभेच्या टेबलावर उघडून ठेवल्या. प्रत्येक वहीत लाल शाईने ‘पाहिले’ असे लिहून सही होती. विज्ञानाच्या वहीत ‘सुवाच्य अक्षर, शाबास’ असा शेराही होता. पाच विषयांच्या पाच सह्या, आणि त्यात एक माझी. त्यानंतर दोष कोणाचा, हा विषय पुन्हा निघाला नाही.

शाळेचे ध्येयवाक्य प्रवेशद्वारावर संगमरवरात कोरलेले आहे, पण त्यावरून सोमवारी सकाळी काय करावे हे ठरत नाही. म्हणून आम्ही त्या सत्रापुरते एक वाक्य लिहिले: ‘दिवाळीच्या सुट्टीपूर्वी पाचवी ते सातवीतील प्रत्येक मूल अनोळखी परिच्छेद वाचून त्याचा अर्थ स्वतःच्या शब्दांत सांगेल.’ एवढ्या एका वाक्याला तीन सभा लागल्या. त्यातील ‘अनोळखी’ हा शब्द गणिताच्या सरांनी सुचवला, कारण पाठातला परिच्छेद मुलांना तोंडपाठ असतो. आणि माझ्या मते त्या शब्दानेच सारे काम खरे झाले. मग आम्ही प्रत्येक मुलाला एकेकटे बसवून वाचायला लावले. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट या ‘असर’च्या, म्हणजे मुलांचे वाचन आणि गणित तपासणाऱ्या पाहणीतील पायऱ्या शिक्षकांना परिचित आहेत, त्याच वापरल्या. परिच्छेदापर्यंत न पोहोचलेली ३१ मुले निघाली. चित्रकला आणि क्रीडाशिक्षकांसह पंधरा जणांनी दोन-दोन मुले वाटून घेतली, एक उरले ते मुख्याध्यापिकांनी घेतले. क्रीडाशिक्षक खो-खोचे नियम फळ्यावर लिहून त्यांच्या मुलांकडून वाचून घेत. पोषण आहार वाटणाऱ्या मावशींनी आपण होऊन, त्या दिवशी काय शिजले आहे ते फलकावरून वाचल्याशिवाय ताट न देण्याची गंमत सुरू केली, आणि मुलांना ती आवडली.

दर शनिवारी शाळा सुटल्यावर २० मिनिटे बसायचे, हातात नावांची यादी घ्यायची आणि यादीतील मुलांखेरीज काहीही बोलायचे नाही, असा नियम होता. वेतन, रजा, बदली तास यांबद्दल कोणी बोलू लागले की पर्यवेक्षक तो विषय शांतपणे सूचनावहीत लिहून घेत आणि सोमवारी त्यावर उत्तर देत. हे उत्तर खरोखर मिळत असे, म्हणूनच तो नियम टिकला.

एक गोष्ट धरायची तर दुसरी सोडावी लागते, आणि सहकाऱ्यांची मने दुखावतात ती तेथेच. आम्ही फलकलेखनाची स्पर्धा त्या वर्षी रद्द केली आणि दोन दिवसांचे स्नेहसंमेलन एका दिवसावर आणले. ज्या बाईंनी वर्षानुवर्षे संमेलन उभे केले, त्यांना हे मुख्याध्यापिकांनी सभेत जाहीर करण्याआधी स्वतः भेटून सांगायला हवे होते. तसे झाले नाही, आणि त्या बाईंचा राग मला योग्यच वाटला.

पुण्यातील शिक्षकांना या बाबतीत घरचेच उदाहरण आहे. चिपळूणकर, टिळक आणि नामजोशी यांनी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले, पुढच्या वर्षी आगरकर आले, १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. आणि १८९० मध्ये टिळकांनी संस्थेचा राजीनामा दिला. ध्येयाविषयी त्यांच्यापैकी कोणाच्या मनात किंतु नव्हता. पण आजीव सदस्याने संस्थेबाहेर किती काम करावे, वेतनापलीकडचे पैसे घ्यावेत की नाही, अशा व्यवहाराच्या प्रश्नांवर मतभेद विकोपाला गेले. म्हणून ध्येयाइतकेच त्याचे रोजचे नियमही सर्वांसमोर बोलून, लिहून ठेवावेत, असे मी नव्या सहकाऱ्यांना आग्रहाने सांगते.

रुजू झाल्यावर पहिल्या महिन्यात फार सूचना करू नका; मुख्याध्यापक सभेत कोणता प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात तो टिपा, कारण शाळा खरोखर कशामागे आहे ते त्यावरून कळते. मतभेद असेल तर तो सभेत मांडा, नंतर चहाच्या टपरीवर नव्हे. टाचणवहीत, म्हणजे पाठांची पूर्वतयारी लिहिण्याच्या वहीत, प्रत्येक आठवड्याच्या पानावर त्या सामायिक कामासाठी एक ओळ राखून ठेवा. आणि आपल्या वाट्याच्या मुलाची प्रगती झाली नसेल, तर तसेच स्पष्ट सांगा. आमच्या यादीत सर्वांत उपयोगी नोंदी त्याच ठरल्या.

दिवाळीपर्यंत ३१ पैकी २४ मुले परिच्छेद वाचू लागली. सहावीतला तो मुलगा उरलेल्या सातांमध्ये होता. तो जेमतेम शब्दांपर्यंत आला होता. त्या सात जणांसाठी आम्ही शनिवार पुढे चालू ठेवले. जानेवारीत एका संध्याकाळी मी बसथांब्यावर उभी असताना तो धावत आला, समोरच्या बसच्या पाटीकडे बोट दाखवले आणि विचारले, ‘‘बाई, ‘मार्गे’ म्हणजे काय हो?’’ तो शब्द आमच्या कोणत्याही पाठात नव्हता.