काळ आणि क्वांटम: घरी रचलेली थिअरी कशी तपासावी

“काळ वाहत नाही, मोजमाप झालं की तो तयार होतो.” असं काही सुचलं की बाल्कांवावर (घरापुढच्या बैठकीच्या ओट्यावर) बसून चार जणांना सांगण्याआधी ते वहीत लिहा आणि खाली तारीख टाका. मग त्या वाक्यात आकडा कुठे आहे ते शोधा. बहुतेक वेळा सापडत नाही. तोवर तो एक विचार आहे. विचार करायला हरकत नाही, पण तो चूक की बरोबर हे कुणालाच ठरवता येणार नाही.

सामान थोडंच लागतं. शंभर पानी वही, सायंटिफिक कॅल्क्युलेटर (मोबाइल आडवा धरला की बहुतेक फोनवर मिळतो) आणि हायर सेकंडरीचं फिजिक्सचं पुस्तक. कॅल्क्युलस विसरला असाल तर पणजीत पाटोवरच्या सेंट्रल लायब्ररीत एक-दोन शनिवार बसा.

वहीच्या पहिल्या पानावर चार गोष्टी एककांसकट लिहा. प्लांकचा स्थिरांक: ६.६२६ गुणिले १० चा उणे ३४ वा घात, ज्यूल-सेकंद. प्रकाशाचा वेग: सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर. प्लांक काळ (भौतिकशास्त्राच्या मूळ स्थिरांकांतून निघणारं काळाचं अतिसूक्ष्म माप): ५.३९ गुणिले १० चा उणे ४४ वा घात, सेकंद. आणि सेकंदाची व्याख्या: सिझियम-१३३ अणूच्या ठरावीक प्रारणाची ९,१९,२६,३१,७७० कंपनं.

आता एककं तपासा. अर्ध्याहून जास्त थिअऱ्या इथेच आडव्या होतात. “ऊर्जा भागिले काळ म्हणजे प्लांकचा स्थिरांक” असं सर्रास लिहिलेलं दिसतं. एकक ज्यूल-सेकंद आहे, म्हणजे तिथे गुणाकार हवा. उलट दिशेचा मोहही असतो. प्लांकच्या स्थिरांकाला इलेक्ट्रॉनच्या स्थिर ऊर्जेने (वस्तुमान गुणिले प्रकाशाच्या वेगाचा वर्ग) भागलं की ८.१ गुणिले १० चा उणे २१ वा घात इतके सेकंद मिळतात (पुढेही घात म्हटलं की तो १० चाच). एकक बरोबर, आकडाही बरोबर. पण “हा इलेक्ट्रॉनचा काळाचा कण” हे शब्द आपण वरून चिकटवलेले असतात. एककं जुळली म्हणजे हॉल तिकीट मिळालं, पेपर अजून द्यायचाच आहे.

पुढे जाण्याआधी नेहमीचे खड्डे बघून घ्या. क्वांटम यांत्रिकीत जागा मोजता येते, त्या अर्थाने काळ मोजला जात नाही. काळ बाहेरून, घड्याळावरून येतो. ऊर्जेला खालची मर्यादा असेल तर काळाचा सरळ ऑपरेटर (मोजता येणाऱ्या राशीचं गणिती रूप) बनवता येत नाही, हे भौतिकशास्त्रज्ञ पाउलीने १९३३ मध्येच दाखवलं. त्यामुळे ऊर्जा-काळ अनिश्चितता ही जागा-संवेगाच्या अनिश्चिततेची जुळी बहीण नव्हे. मांडेलश्टाम आणि टाम यांनी १९४५ मध्ये तिचा नेमका अर्थ लावला: तिथला काळ म्हणजे मोजली जाणारी एखादी राशी लक्षात येण्याइतकी बदलायला लागणारा अवधी. “थोड्या वेळापुरती ऊर्जा उसनी घेता येते” या वाक्यावर उभी असलेली थिअरी इथेच तपासून घ्या.

दुसरा खड्डा, “आत्ताच्या निवडीने भूतकाळ बदलतो”. यासाठी क्वांटम इरेझरच्या प्रयोगाचा दाखला देतात. त्यात फोटॉनच्या (प्रकाशकणांच्या) जोड्या असतात; एक पडद्यावर पडतो, आणि त्याचा मार्ग कळेल की पुसला जाईल हे जोडीदारावर नंतर ठरतं. पण पडद्यावरचे सगळे ठिपके एकत्र पाहिले तर पट्टे दिसतच नाहीत. जोडीदार फोटॉनची यादी हाती आली आणि ठिपके त्या यादीप्रमाणे वेगळे केले, की मग पट्टे दिसतात. मागे निरोप जात नाही. आणि “निरीक्षक” म्हणजे मन नव्हे. एखादा डिटेक्टर, नाही तर वाटेत आलेला हवेचा रेणूही ते काम करतो. काळ मूळचा नसून विश्वाच्या भागांमधल्या क्वांटम गुंतणुकीतून (एंटँगलमेंट) दिसतो, असं तुमचं म्हणणं असेल तर ते पेज आणि वूटर्स यांनी १९८३ मध्ये गणितासह मांडलंय. आधी ते वाचा, मग आपलं वेगळं काय ते सांगा.

यानंतर जुनी उत्तरं. नव्या थिअरीतून आधीचे मोजलेले आकडे निघायलाच हवेत. जीपीएसच्या उपग्रहातली घड्याळं जमिनीवरच्यापेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. १९७१ मध्ये विमानांतून पृथ्वीभोवती फिरवलेली सिझियम घड्याळं पूर्वेकडे जाताना सुमारे ५९ नॅनोसेकंद मागे पडली, पश्चिमेकडे २७३ पुढे गेली. घरचं उदाहरण हवं तर पणजीजवळ मिरामारच्या वाळूत एक घड्याळ धरा आणि दुसरं सत्तरी तालुक्यातल्या सोसोगडाच्या माथ्यावर. दर मीटर उंचीला घड्याळाच्या गतीत पडणारा फरक १.१ गुणिले उणे १६ वा घात. हजार मीटर चढलं की वरचं घड्याळ दिवसाला सुमारे साडेनऊ नॅनोसेकंद पुढे. तुमच्या सूत्रातून हा आकडा येतो का? येत नसेल तर नवं भाकीत करण्याची घाई नको.

आता एक थिअरी शेवटपर्यंत चालवून बघू. दावा: काळ दाणेदार आहे, दाणा प्लांक काळाएवढा, आणि प्रत्येक दाण्याला घड्याळ एका दाण्याने पुढे किंवा मागे चुकतं. चुका एकाच दिशेने साठत असतील तर घड्याळ नावाची वस्तूच शक्य नाही. दावा तिथेच संपला. चुका यादृच्छिक असतील तर त्या दाण्यांच्या संख्येच्या वर्गमुळाने वाढतात. एका सेकंदात १.८६ गुणिले ४३ वा घात इतके दाणे. वर्गमूळ काढून दाण्याच्या लांबीने गुणलं की चूक येते २.३ गुणिले उणे २२ वा घात, सेकंद. स्ट्रॉन्शियमची उत्तम प्रकाशीय घड्याळं एका सेकंदात साधारण ५ गुणिले उणे १७ वा घात इतक्या लहान चुकीपर्यंत उतरतात. म्हणजे परिणाम मोजता येण्यापेक्षा दोन लाख पट लहान. दावा मेला नाही, पण तपासताही येत नाही. दाणा उणे ३० व्या घाताचा (सेकंदांत) घेतला तर चूक उणे १५ व्या घातावर येते, आणि ती आजवर दिसायला हवी होती.

इथे एक बारीक पाचर आहे, आणि ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते. चुका कशाच्या तुलनेत? काळच थरथरत असेल तर शेजारची दोन्ही घड्याळं एकत्र थरथरतील आणि तुलनेत काहीच दिसणार नाही. वेगवेगळ्या जागचे दाणे स्वतंत्र चुकतात की एकत्र, हे थिअरीने सांगायलाच हवं. ते नसेल तर वरचं सगळं गणित हवेत.

घरी प्रयोग करणार असाल तर किती वेळा करायचा आणि काय दिसलं तर हरलो म्हणायचं, हे आधी लिहा. “भविष्यातल्या निवडीचा परिणाम” शोधायला १,००० वेळा नाणं उडवलं आणि छापा ५२० वेळा पडला, तर काही घडलेलं नाही. तितके किंवा त्याहून जास्त छापे निव्वळ योगायोगानेही दहातून साधारण एकदा येतात. मोठमोठ्यांचीही फसगत होते: २०११ मध्ये इटलीतल्या ओपेरा प्रयोगात न्यूट्रिनो प्रकाशापेक्षा सुमारे ६० नॅनोसेकंद लवकर पोचल्याचं दिसलं; मुख्य कारण निघालं ते फायबर केबलचा नीट न बसलेला जोड.

ताळगाव पठारावर गोवा विद्यापीठातल्या कुणाला थिअरी दाखवायची असेल तर दोनच पानं करा. पहिल्या ओळीत भाकिताचा आकडा, दुसऱ्या ओळीत सध्याच्या सिद्धांताचा आकडा, खाली गणित. “ही बरोबर आहे का?” असं विचारू नका, “चौथ्या पायरीत चूक आहे का?” असं विचारा, त्याला उत्तर मिळण्याची शक्यता जास्त. जोडायचीच असतील तर आकडेमोडीची पानं जोडा. भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर आणि उपनिषदांचे उतारे घरीच ठेवा.