कोकणातल्या बेने इस्रायलींचा इतिहास वाचायचा कसा

ज्यूंचा इतिहास म्हटलं की जेरुसलेम, बाबिलोन, स्पेन, पोलंड अशी नावं डोळ्यांसमोर येतात. मराठी माणसाने मात्र सुरुवात अलिबागपासून, कोकणात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंपासून, म्हणजे बेने इस्रायलींपासून करावी, असं मी आग्रहाने सांगेन. मी तिथे अठरा वर्षं शाळेत शिकवलं. इस्रायल आळीतल्या एका आजींनी मला जे शिकवलं, ते इथे क्रमाने लिहिते.

आधी सणांची जुनी मराठी नावं विचारा. योम किप्पूर, म्हणजे ज्यूंचा प्रायश्चित्ताचा दिवस, इथे 'दारफाळणीचा सण', कारण त्या दिवशी दारं लावून घरात उपास करायचा. वल्हांडणाला, म्हणजे मिसरमधल्या गुलामीतून सुटकेच्या सणाला, 'अनशी ढाकाचा सण' म्हणत: आंबट रसाचं भांडं झाकून बाजूला ठेवायचं. आंबवलेलं घरात नको हा मूळ नियम ग्रंथ हाताशी नसतानाही त्या भांड्याच्या झाकणाखाली टिकला, हे कळलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. जेरुसलेमच्या मंदिराचा विध्वंस आठवण्याचा दिवस इथे 'बिरड्याचा सण' झाला. त्या दिवशी वालाचं बिरडं खायचं.

प्रत्येक नाव लिहून घेताना तीन गोष्टी विचारा: काय खात, काय टाळत, काय बंद ठेवत. आणि जे नाही त्याचीही नोंद करा. जुन्या परंपरेत हनुक्का नव्हता. तो सण इसवी सनापूर्वी १६४ मध्ये जेरुसलेमचं मंदिर पुन्हा शुद्ध करून वाहिलं गेलं त्या घटनेचा. त्यावरून काहींनी अनुमान काढलं की हे लोक त्याआधीच निघाले असावेत. अनुमान म्हणूनच ते लिहा. अलिबागजवळच्या नौगावपाशी जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, ही कथाही 'परंपरा सांगते' असं म्हणूनच नोंदवा. कथेचं मोल त्याने कमी होत नाही.

मग आडनावं. पेणकर, रोहेकर, किहीमकर, चेऊलकर: गावाचं नाव आडनावातच. पण आडनाव हा पुरावा नव्हे, हिंदू घरांतही तीच सापडतात. धंदाही विचारा. शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा वार, त्या दिवशी तेलाचा घाणा बंद, म्हणून यांना 'शनवार तेली' म्हणत. पहिली नावंसुद्धा मराठी वळणाची. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनामंदिर) १७९६ मध्ये बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर हे सामाजी हसाजी दिवेकर म्हणूनही ओळखले जात. सिनेगॉगला हे लोक 'मशीद' म्हणत, तेव्हा जुन्या कागदात तो शब्द दिसला की घाईने अर्थ लावू नका.

आता कबरस्तान. परवानगी घ्या, शनिवारी जाऊ नका, पुरुषांनी डोकं झाकावं. अक्षरं पुसट असतील तर सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर जा, तिरप्या उन्हात कोरीव काम उठून दिसतं. दगडावर खडू फासू नका. मी एकदा फासला होता, त्याचं अजून वाईट वाटतं.

दगडावरची हिब्रू उजवीकडून डावीकडे वाचायची. तिच्यात प्रत्येक अक्षर एक आकडाही असतं. बावीस अक्षरांच्या किमतींचा तक्ता जवळ ठेवा. सुरुवातीला पे आणि नून ही अक्षरं दिसली तर अर्थ 'येथे पुरले आहे'. शेवटी पाच अक्षरांचं लघुरूप असतं: मृताचा जीव जीवनाच्या गाठोड्यात बांधलेला राहो. गाठोडं हा शब्द ऐकून आजी नेहमी पदराच्या गाठीला हात लावायच्या.

वर्ष काढायला अक्षरांची बेरीज करा. ताव ४००, रेश २००, नून ५०, म्हणजे ६५०. हे ज्यू वर्ष ५६५०, पण त्यातले पाच हजार बहुधा लिहीत नाहीत. इसवी सन काढायला बेरजेत १२४० मिळवा: १८९०. महिना तिश्री, हेश्वान किंवा किस्लेव असेल तर बहुधा एक वर्ष कमी धरा, कारण ज्यू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास बदलतं. त्याच दगडावर मराठी मजकूर असेल तर तोही जसाच्या तसा, ऱ्हस्व-दीर्घासकट उतरवा. त्या काळची बोली तिथेच हाती लागते.

निघताना थडग्यावर एक लहानसा दगड ठेवा, आणि बाहेर पडल्यावर हात धुवा.