पोळ्यानंतर वावरात जाताना : साप, फवारा आणि करंट

धानाची रोवणी आटोपली. आपल्या नागपूर जिल्ह्यात रामटेक, देवलापार, पारशिवनीकडच्या बांध्यांमध्ये निंदण चाललं आहे, हिंगणा-काटोलकडे पराटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारा सुरू झाला आहे. किडीचा आणि खताचा सल्ला या दिवसांत सगळीकडून मिळतो. आज पिकाचं बाजूला ठेवून राबणाऱ्या माणसाचं बोलू. आपल्या गोंड टोल्यांवर, म्हणजे वस्त्यांवर, दवाखाना दूर आणि रस्ता कच्चा, म्हणून पावसाळ्यातला अपघात टाळणं हाच आपला पहिला इलाज आहे.

सगळ्यात आधी साप, आणि त्यातही मण्यार. नाग फणा काढतो, घोणस कुकरच्या शिटीसारखी फुत्कारते, त्यामुळे दोघांचा सुगावा तरी लागतो. मण्यार मात्र रात्री घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दुखत नाही, सूज येत नाही, दाताच्या खुणा कंदिलाच्या उजेडात सापडतही नाहीत. पहाटे पोर उठतं आणि म्हणतं, "माय, पोट दुखते." थोड्या वेळाने पापण्या जड होतात, थुंकी गिळता येत नाही, बोलणं बोबडं होतं. काल रात्री काही वातुळ खाल्लं असेल म्हणून घरचे ओवा देत बसतात आणि तेवढ्यात श्वास अडखळायला लागतो. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या कुणाचंही असं पोट दुखलं आणि डोळे मिटायला लागले, तर खूण दिसो न दिसो, सर्पदंश समजूनच निघा.

यावरचा उपाय महाग नाही. खाटेवर झोपायचं, मच्छरदाणी लावायची आणि तिची कडा चारही बाजूंनी अंथरुणाखाली खोचायची. नुसती लोंबती मच्छरदाणी साप अडवत नाही. खाट भिंतीपासून हातभर पुढे ओढा. धानाची ढोली आणि सरपणाचा ढीग निजायच्या खोलीत नको, कारण उंदीर आले की मागोमाग साप येतो. जागलीला किंवा पाणी पाहायला जाताना टॉर्च, काठी आणि गमबूट हवेत. धुऱ्यावरच्या गवतात हात घालण्याआधी काठीने खडबड करा.

साप चावलाच तर हातपाय फार हलू देऊ नका. मोडलेल्या हाडाला बांधतात तशी बांबूची कांब सैलसर बांधा आणि १०८ ला फोन करा. दोरीने करकचून आवळणं, ब्लेडने चिरा मारणं, तोंडाने ओढणं, कोंबडीचं पिल्लू लावणं, यातलं काहीही करू नका. विषावर उतारा एकच, तो म्हणजे प्रतिविषाचं इंजेक्शन, आणि ते सरकारी रुग्णालयात मिळतं. मण्यारीच्या दंशात श्वासाचं यंत्रही लागू शकतं, म्हणून प्रकृती ढासळायच्या आत नागपूरला मेडिकल किंवा मेयो या मोठ्या सरकारी रुग्णालयात हलवायची तयारी ठेवा. भुमकांवर, म्हणजे गावच्या पुजाऱ्यांवर, विश्वास असेल तर त्यांनाही सोबत गाडीत घ्या. पूजा वाटेत होऊ द्या, पण गाडी थांबवू नका.

आता फवारा. २०१७ च्या खरिपात आपल्याच विदर्भातल्या यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने २० हून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. पराटी डोक्याएवढी वाढली की फवारा अंगावरच येतो. त्यात दुपारचा उकाडा, घामाने भिजलेली कातडी, आणि पाठीवरचा पंप झाकणातून झिरपत असतो. सदऱ्याचा मागचा भाग ओला दिसला की आपण घाम समजतो. तो हात लावून, वास घेऊन पाहा. औषधाचा वास आला तर काम तिथेच थांबवा, कपडे काढा आणि साबणाने अंग धुवा. सकाळी लवकर फवारा, वारा पाठीशी घ्या, दोन-तीन औषधं मनाने मिसळू नका. नोझल तुंबलं तर तोंडाने फुंकू नका. बादलीत औषध काठीने ढवळायचं असतं, पण बायाबापड्या ते उघड्या हाताने ढवळतात. त्यांना हातमोजे आणून देणं मालकाचं काम आहे. मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडाला लाळ, डोळ्याची बाहुली बारीक, असं दिसलं तर औषधाचा डबा सोबत घेऊनच दवाखान्यात जा. लेबल पाहून डॉक्टरांना उतारा ठरवता येतो.

रानडुकरांसाठी खांबावरून थेट करंट घेऊन तार लावणं कायमचं सोडा. ती तार डुकराआधी शेजाऱ्याचं पोर धरते. त्यापेक्षा सोलरची झटका मशीन लावा. डीपीचा (ट्रान्सफॉर्मरच्या पेटीचा) फ्यूज गेला तर लाइनमनला बोलवा, ओल्या पायांनी स्टार्टरला हात नको.

आभाळ गडगडलं की मोहाखाली उभे राहू नका, पक्क्या घरात जा. शेवटचा गडगडाट झाल्यावर ३० मिनिटं थांबा. विजेचा इशारा देणारं 'दामिनी' ॲप फोनमध्ये असू द्या. तारेला चिकटलेल्या माणसाला करंट बंद केल्याशिवाय शिवू नये. वीज पडलेल्या माणसाला मात्र हात लावला तर काही होत नाही. त्याला शेणात पुरू नका. श्वास थांबला असेल तर छातीच्या मधोमध जोरजोरात दाबत राहा आणि गाडी बोलवा.

पेंचकडच्या कितीतरी टोल्यांवर फोनला रेंज नसते. म्हणून याच आठवड्यात चार घरं बसून ठरवा: रात्री दोनला कुणाची गाडी निघेल, तिच्यात डिझेल कोण ठेवेल आणि रेंज मिळते त्या टेकाडावर धावत कोण जाईल.