गाण्याचा डब्बा घेताना आणि वाजवताना या चुका टाळा

दुरुस्तीच्या टेबलावर येणारे निम्म्याहून जास्त म्युझिक प्लेअर बिघडलेले नसतातच. चिप (मेमरी कार्ड) खोटी असते, वायर भलतीच असते, नाहीतर गाणी भरून देणाऱ्या पोराला घाई असते. शिव्या मात्र डब्ब्याला. डब्बा म्हणजे आपल्याकडे हातात मावणारा, चिप आणि पेनड्राइव्ह घेणारा, स्पीकरवाला प्लेअर. कानात वायर घालून ऐकायचा काडेपेटीएवढा प्लेअर वेगळा, पण चुका दोघांच्या सारख्याच.

मोबाइल असताना हे कशाला, असं शहरातले पाहुणे विचारतात. त्यांना जागल, म्हणजे रात्रभर शेत राखणं, माहीत नाही. कृषिपंपाची लाइन पाळीपाळीने रात्री येते, ओलितासाठी वावरात जावंच लागतं. हरभऱ्यात डुकरं शिरू नयेत म्हणून मचाणावर रात्र काढावी लागते. तिथे मोबाइलची बॅटरी अडीअडचणीच्या फोनसाठी राखायची असते आणि नेटवर्क एका धुऱ्यावर (बांधावर) असतं, दुसऱ्यावर नसतं. बटण दाबलं की वाजणारा डब्बा तिथे कामाचा. शिवाय म्हाताऱ्या माणसाला काचेवर बोट घासत गाणं शोधायला लावणं मला तरी पटत नाही.

स्वस्तातली मोठी चिप

ही चूक सगळ्यात महाग पडते आणि सगळ्यात जास्त लोक करतात, म्हणून हिच्यावर जरा सविस्तर लिहितो.

जवळच्या एका गावचं भजनी मंडळ आहे. त्यांचे जुने बुवा वारले, पण त्यांच्या खंजिरी भजनांच्या कॅसेटी मंडळाकडे होत्या. मंडळातल्या एकाचा नातू अमरावतीला शिकायला. त्याने मनावर घेऊन सगळ्या कॅसेटी लॅपटॉपवर उतरवल्या, एमपीथ्री केल्या. इथपर्यंत पोराचं कौतुकच. मग आठवडी बाजारातून मंडळाच्या काकाजींनी चिप आणली, वर ५१२ जीबी छापलेली. पोराने भजनं टाकली, उरलेल्या जागेत मित्राकडची हजारो गाणी टाकली, पहिली दोन-तीन वाजवून पाहिली आणि ‘झालं’ म्हणून सांगितलं. लॅपटॉपवर जागा पाहिजे म्हणून तिथली भजनं पुसली. कॅसेटी दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याकडे गेल्या.

कार्तिकात काकाजी डब्बा घेऊन दुकानात आले.

"भाऊ, नाव तं सारे दिसते, पण वाजूनच नाही राह्यलं. एकावरून दुसऱ्यावर उड्या मारते."

"चिप कुठून घेतली?"

"बजारातून. साडेतीनशेत देल्ली बावा त्यानं, पाचशे बाराची!"

तिथेच कळलं. चिप कॉम्प्युटरला लावली. फाइलींची नावं जागेवर, आकडे जागेवर, पण बहुतेक फाइलींच्या पोटात काहीच नाही. आधी जे निघत होतं ते काढून घेतलं आणि मग एच२टेस्टडब्ल्यू नावाचा फुकट मिळणारा जर्मन प्रोग्राम लावला. तो चिप काठोकाठ भरतो आणि भरलेलं परत वाचून पाहतो. रात्रभर चालला, दुसऱ्या दिवशी दुपारी निकाल दिला: खरी जागा ८ जीबीच्याही आत.

हे असं का होतं ते समजून घ्या. चिपमध्ये साठवणारा भाग वेगळा आणि ‘माझ्यात इतकी जागा आहे’ असं सांगणारा कंट्रोलर वेगळा. बनावट चिपेत त्या कंट्रोलरला खोटं बोलायला शिकवलेलं असतं. मोबाइल किंवा कॉम्प्युटर त्याच्या शब्दावर विश्वास ठेवून भरत जातो. खरी जागा संपली की पुढचं लिहिलेलं एकतर हवेत जातं, नाहीतर आधीच्या गाण्यांवर चढतं. नावांची यादी सुरुवातीच्या भागात असते म्हणून ती शाबूत दिसते. मंडळाची मोजकीच भजनं वाचली. पेटीवाल्या मामाजींकडे एका कॅसेटची नक्कल निघाली, तेवढी भर. बाकी बुवांचा आवाज गेला तो गेलाच.

माझी सवय सांगतो. नवी चिप, मग ती कुठल्याही दुकानातली असो, आधी तपासल्याशिवाय तिच्यात एकही गाणं टाकत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, "इतला टाइम काहून लावता, बाजूचा धा मिन्टात भरून देते." तर मग बाजूच्याकडेच जा. दहा मिनिटांत चिप भरता येते, तपासता येत नाही. आणि जे एकदाच रेकॉर्ड झालेलं आहे, आजीच्या ओव्या, बुवांची भजनं, लग्नातली गाणी, ते कधीही एकाच जागी ठेवू नका. चिप ही वाजवायची जागा आहे, जपून ठेवायची नाही.

तसंही ५१२ जीबी करायचं काय? १२८ केबीपीएसचं पाच मिनिटांचं गाणं साधारण ५ एमबीचं होतं. खऱ्या ३२ जीबीत अशी सहा हजारांवर गाणी बसतात. ३२ची चिप कॉम्प्युटरवर २९ जीबीच्या आसपास दिसली तर मात्र दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. कंपनी हजाराने मोजते आणि कॉम्प्युटर १०२४ने, त्यातला तो फरक आहे.

६४ जीबी टाकली आणि डब्बा मुका झाला

चिप खरी असली तरी हे होतं. ३२ जीबीपर्यंतच्या चिपा एफएटी३२ पद्धतीने आखलेल्या येतात, त्याच्या वरच्या एक्सएफएटीने. साध्या डब्ब्याला दुसरी पद्धत वाचता येत नाही. ३२चीच घ्या, वाद मिटला.

गाण्यांचा क्रम

"मी हरिपाठ पहिले टाकला होता, मंग लावणी कशी काय लागली?" सकाळी देवपूजेच्या वेळी लावणी लागल्यावर घरात काय होतं ते वेगळं सांगायला नको.

बहुतेक स्वस्त प्लेअर नावाप्रमाणे गाणी लावत नाहीत. चिपेवर ज्या क्रमाने फाइली उतरल्या, त्या क्रमाने लावतात. कॉम्प्युटरच्या पडद्यावर अ-ब-क लावून दिसतं ते फक्त तुम्हाला दिसतं, डब्ब्याला त्याचं काही नाही. त्यात मधूनच चार गाणी पुसून नवी चार टाकली की ती मोकळ्या झालेल्या फटीत जाऊन बसतात आणि सगळा क्रम विस्कटतो.

मी असं करतो. नावांपुढे ००१, ००२ असे तीन आकडी अंक घालतो. नुसते १, २, ३ घातले तर १च्या मागे १० आणि ११ येतात, २ मागे राहतो. भजनं, कीर्तनं, सिनेमाची गाणी यांचे वेगळे फोल्डर. चिप कोरी फॉरमॅट करून एकेक फोल्डर क्रमाने टाकायचा, एक पूर्ण झाल्याशिवाय दुसरा सुरू करायचा नाही. बदल करायचा असेल तर कॉम्प्युटरवरच्या मूळ संचात करायचा आणि चिप पुन्हा पहिल्यापासून भरायची. कंटाळवाणं काम आहे, मान्य. पण नव्या पोरांना हेच नको असतं. पाचशे फाइली निवडायच्या, ओढायच्या, सोडायच्या आणि हिरवी पट्टी पूर्ण व्हायच्या आत चिप उपसून काढायची. अर्धवट उतरलेलं गाणं मध्येच तुटतं आणि पुन्हा आमच्याकडे ‘डब्बा अटकते’ म्हणून येतं. चिप काढायच्या आधी ‘इजेक्ट’ म्हणायला किती वेळ लागतो हो?

फाइलींची नावं इंग्रजी अक्षरांत ठेवा. मराठीचा अभिमान मलाही आहे, पण ज्या डब्ब्यात देवनागरी अक्षरंच भरलेली नाहीत तो तुम्हाला चौकोन-चौकोनच दाखवणार.

नाव बदललं म्हणजे एमपीथ्री होत नाही

व्हॉट्सअॅपवर रेकॉर्ड करून पाठवलेला आवाज ओपस प्रकारचा असतो, बाकी बरीच गाणी एम४ए असतात. शेवटची अक्षरं खोडून ‘एमपीथ्री’ लिहिल्याने आतला माल बदलत नाही. कन्व्हर्टरमधून काढा.

चार्जिंग

दुसरा माझा डोकेदुखीचा विषय.

नवीन डब्ब्यांना सी टाइपचं भोक असतं. घरात नव्या मोबाइलची दोन्हीकडून सी टाइप असलेली वायर असते. ती लावली की लाइट लागत नाही आणि माणूस म्हणतो, "आणला तसाच खराब निघाला." खराब नाही. सी टाइपच्या चार्जरला समोरून खूण मिळाल्याशिवाय तो करंट सोडत नाही. ती खूण देणारे ५.१ किलोओमचे दोन बारके रेझिस्टर, जे काही पैशांत येतात, ते स्वस्त डब्ब्यात वाचवलेले असतात. मग चार्जर वाट पाहतो, डब्बा वाट पाहतो, दोघंही गप्प. एका टोकाला जुनी चपटी यूएसबी पिन असलेली वायर वापरा, तिच्यात ५ व्होल्ट कायम असतात. डब्बा घेताना सोबत दिलेली आखूड वायर फेकू नका, ती याचसाठी असते.

फास्ट चार्जरने डब्बा जळतो ही भीती मात्र बऱ्याच अंशी उगाच आहे. चांगला फास्ट चार्जरही सुरुवात ५ व्होल्टनेच करतो आणि समोरच्याने मागितल्याशिवाय पुढे जात नाही. जळतो कशाने ते सांगतो. कुंपणाच्या झटका मशीनची बॅटरी असते १२ व्होल्टची. एका भाऊसाहेबांनी जागलीला डब्बा उतरला म्हणून वायर सोलली आणि लाल-काळं थेट त्या बॅटरीला जोडलं. धूर निघाला, आतला चार्जिंगचा आयसी काळा ठिक्कर. वर मलाच विचारतात, "वारंटीत बसते का?" ट्रॅक्टरमध्ये किंवा त्या बॅटरीवर चार्ज करायचंच असेल तर गाडीत लावायचा १२ व्होल्टचा यूएसबी चार्जर मिळतो, तो मध्ये घाला.

बॅटरी घेताना छापील आकड्यावर भाळू नका. डब्ब्यात दोनच जाती दिसतात: जुन्या बटणांच्या मोबाइलची चपटी बीएल-५सी आणि जाड शेंगेसारखी १८६५०. पहिली हजार एमएएचच्या (बॅटरीत किती चार्ज मावतो त्याचं माप) आसपासची असते. दुसऱ्या जातीत चांगल्यातला चांगला सेल साडेतीन हजारांच्या घरात जातो. तिच्यावर ९९०० छापलेलं असेल तर छापणाऱ्याला लाज नाही एवढंच समजायचं. मी स्वतः बीएल-५सीवाला डब्बा घेतो, कारण नख लावून झाकण उघडता येतं आणि नवी बॅटरी तालुक्याच्या कुठल्याही मोबाइल शॉपीत मिळते. बॅटरी आत चिकटवलेला डब्बा मी घेतही नाही, कुणाला सुचवतही नाही.

आणि उन्हाळा. लिथियमची बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असा दंडक आहे. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच तेवढं असतं, टिनाखाली त्याहून जास्त. चार्जिंग पहाटे करा. बॅटरी फुगून झाकण उचललेलं दिसलं तर दाबून बसवू नका, बदला.

बाकीच्या, थोडक्यात

घ्यायच्या वेळी दुकानातच गाणं अर्ध्यात बंद करून पुन्हा चालू करा. तिथूनच सुरू झालं तर घ्या. पहिल्यापासून लागलं तर तासाभराचं कीर्तन तुम्हाला कधीच पूर्ण ऐकायला मिळणार नाही.

‘नागपूर लागत नाही’ ही तक्रार: ५८५ किलोहर्ट्झवरचं आकाशवाणी नागपूर मध्यम लहरींवर आहे आणि तुमच्या डब्ब्यात फक्त एफएम आहे. एफएमसुद्धा बारक्या प्लेअरात हेडफोनची वायर लावल्याशिवाय धरत नाही, कारण तीच अँटेना असते. चार्जिंगला लावून रेडिओ ऐकाल तर खरखर येणारच.

एका कानात आवाज येतो म्हणून हेडफोन फेकायच्या आधी भोकात टॉर्च मारा. कापूस वेचणीच्या दिवसांत खिशातली रुई तिथे हमखास ठासलेली असते. लाकडी टूथपिकने हळूच काढा, सुई घालू नका.

बटणं दाबून काहीच होत नसेल तर बाजूचं लॉकचं बटण पहा. याचे पैसे घ्यायला मला लाज वाटते, पण आता घेणार आहे.

पुण्याच्या भाच्याने दिलेला जुना आयपॉड चांगलाच आहे, पण त्यात चिप जात नाही आणि गाणी नुसती ओढून टाकली तर दिसत नाहीत, आयट्यून्ससारख्या कंपनीच्याच प्रोग्राममधून भरावी लागतात. २०२२पासून कंपनीने तो बनवणंही बंद केलं आहे, बॅटरी गेली की शोधत बसाल.

जागलीला दोन्ही कानांत हेडफोनची बोंडं घालून बसू नका. डुकराचा, सापाचा, आणि आमच्या पट्ट्यात वाघाचाही आवाज कानानेच कळतो.

दुरुस्तीला येताना नुसता डब्बा आणू नका. ज्या चिपेवर अडतो ती चिप, ज्या वायरने चार्ज करता ती वायर आणि चार्जर, सगळं एका पिशवीत घालून आणा. दुसऱ्याची चिप घालून डब्बा वाजला तर तिथल्या तिथे निकाल लागतो आणि तुमचे पैसे वाचतात. फक्त बाजाराच्या दिवशी येऊ नका, त्या दिवशी मला चहा प्यायलाही फुरसत नसते.