सीएसआरचा ठराव असतो कुठे?

गोव्यात डिचोलीला आमच्या दारात बाबांचा टिप्पर उभा असायचा. २०१२मध्ये खाणी बंद झाल्या आणि तो तिथेच गंजला. पुढे एम.कॉम. करून मी भागधारकांच्या ठरावांवर शिफारशी लिहिणाऱ्या मुंबईच्या एका संस्थेचं काम घरून करू लागले. वाटलं, आता कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीवर, म्हणजे सीएसआरवर, थेट बोलता येईल.

वार्षिक सभेची पहिली नोटीस उघडली. हिशेब, लाभांश, आळीपाळीने निवृत्त होणाऱ्या संचालकाची फेरनेमणूक, ऑडिटरचं मानधन. सीएसआर कुठेच नाही! कंपनी कायद्याच्या कलम १३५खालचा, नफ्याच्या दोन टक्क्यांचा खर्च संचालक मंडळच मंजूर करतं, तो सभेपुढे येत नाही. (देणग्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या पाच टक्क्यांवर गेल्या, तर मात्र कलम १८१प्रमाणे सभेला विचारावं लागतं.)

म्हणून संचालकाचा ठराव आला की तो सीएसआर समितीवर आहे का, ते आधी बघा. मी एकदा फसले. अहवालात आठ पानं दप्तरवाटपाचे फोटो. मी 'बाजूने' लिहून मोकळी झाले. सरांनी फाइल परत पाठवली. "परिशिष्ट वाचलंस?" तिथे बारीक टायपात न खर्चलेली रक्कम आणि कारण: 'योग्य प्रकल्प निश्चित होऊ शकला नाही.' मागच्या वर्षीचा अहवाल काढला, तर वाक्य तेच, टायपिंगची चूकही तीच. आणि समितीचे अध्यक्ष? ज्यांना मी हो म्हटलं होतं तेच.

म्युच्युअल फंडांना एप्रिल २०२२पासून सगळ्या ठरावांवर मत द्यावं लागतं, तेही कारणासह जाहीर करून. त्यांच्या साइटवरच्या त्या फाइली म्हणजे फुकटची शिकवणी. फक्त 'कारण' हा रकाना वाचत जा. 'कायद्याचं पालन झालं आहे' एवढ्यावर भागवलेलं दिसलं की समजा, परिशिष्ट उघडलेलंच नाही.

दुसरी वाट शेअर विकून बाहेर पडण्याची. २००७मध्ये वेदांता रिसोर्सेसने सेसा गोवा ही खाण कंपनी घेतली. त्याच वर्षी नॉर्वेच्या सरकारी पेन्शन फंडाने पर्यावरण आणि मानवी हक्कांच्या कारणावरून वेदांता रिसोर्सेसला आपल्या गुंतवणुकीतून वगळलं. बाबांना कौतुकाने सांगायला गेले, तर म्हणाले, "मग सभेत विचारायला कोण उरलं?" मला उत्तर सुचलं नाही.

सभा बहुतेक सप्टेंबरअखेरपर्यंत उरकायच्या असतात, म्हणजे नोटिसांचा पूर नेमका चवथीला, गणपतीत. गेल्या वर्षी गणपतीवरच्या फळाफुलांच्या माटोळीला सुपारीचे घड बांधता बांधता मी आईला म्हटलं, "एवढं एक परिशिष्ट वाचून येते."