आधी ओटा, मग नकाशा

मातीच्या भिंतींचं बांधकाम शिकायला विद्यार्थ्यांना गावात नेलं की पहिले दोन दिवस मी मोजायची टेप काढूच देत नाही. अंगणवाडीच्या ओट्यावर बसायचं, ऊन कुठून येतं, बाया सावलीला कुठे टेकतात ते बघायचं.

मग भिंतीची माती तपासायची. काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा माती, वर पाणी, चिमूटभर मीठ. खळखळून हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटभरात तळाशी बसते, गाळ त्यावर, चिकणमाती सर्वांत शेवटी. दुसऱ्या दिवशी थर पट्टीने मोजा. चिकणमाती फार असेल तर भिंत वाळताना तडकते. वाळू, गव्हाचं काड मिसळा. प्रमाण मात्र गावातल्या गवंडीमामांना विचारा. ते ओला गोळा तळव्यावर दाबून बघतात, तेव्हा पोरं श्वास रोखून उभी असतात.

पावसाळ्याच्या तोंडावर भिंत घेऊ नका. आमची एक अशीच खालून विरघळली. पोरं रडली होती. आता जोतं दगडाचं, गुडघाभर उंच, आणि वळचण दोन हात पुढे.