विंडोज न काढता शेजारी लिनक्स मिंट बसवताना

एकाच लॅपटॉपवर विंडोज ११ आणि लिनक्स मिंट २२ (विंडोजसारखीच, पण मोफत मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम) बसवताना घोटाळे होतात ते बहुतेक विंडोजच्या बाजूची तयारी अर्धवट राहिल्यामुळे. मिंट चढायला वीस-पंचवीस मिनिटं पुरतात. आधीच्या तयारीला मात्र अख्खी दुपार मोकळी ठेवा आणि चार्जर लावून बसा.

सर्वात आधी बॅकअप. फोटो, हिशेब, मुलांची प्रमाणपत्रं, आणि डेस्कटॉप व डाउनलोड्समध्ये साठलेलं सगळं बाहेरच्या डिस्कवर घ्या. त्यातल्या दोन-चार फाइल्स दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. न उघडणारा बॅकअप नसल्यातच जमा.

मग सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'खाली 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' तपासा. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलं की डिस्क परस्पर एन्क्रिप्ट (कुलूपबंद) होते आणि मालकाला त्याची कल्पनाही नसते. अशा मशीनच्या बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) काही बदललं तर विंडोज ४८ आकडी 'रिकव्हरी की' (ते कुलूप उघडणारा क्रमांक) मागतं आणि ती दिल्याशिवाय पुढे सरकत नाही. ही की मायक्रोसॉफ्टच्या खात्यात मिळते; ती कागदावर उतरवून घ्या. त्यानंतर एन्क्रिप्शन बंद करा आणि पूर्ण उलगडेपर्यंत थांबा. डिस्क मोठी असेल तर याला तासापेक्षा जास्त वेळ लागू शकतो.

'फास्ट स्टार्टअप'ही बंद करायचं. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू' या वाटेने जा, वरच्या 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल'वर क्लिक करा आणि खूण काढा. हे चालू असताना 'शटडाउन' केलं तरी विंडोज पूर्ण मिटत नाही, निम्मं झोपतं. मग लिनक्समधून विंडोजच्या ड्राइव्हवरच्या फाइल्स वाचता येतात, पण त्यावर काही सेव्ह करता येत नाही.

आता स्टार्टमध्ये 'सिस्टिम इन्फर्मेशन' शोधून 'बायोस मोड' बघा. तिथे 'यूईएफआय' (मशीन सुरू होण्याची नवी पद्धत) असेल तरच पुढची कृती जशीच्या तशी लागू पडते. 'लेगसी' (जुनी पद्धत) दिसलं तर डिस्कची रचना वेगळी असते. माहितगार माणूस सोबत असल्याशिवाय पुढे जाऊ नका.

जागा विंडोजमधूनच मोकळी करा. स्टार्ट बटणावर राइट क्लिक, 'डिस्क मॅनेजमेंट', सी ड्राइव्हवर राइट क्लिक, 'श्रिंक व्हॉल्यूम'. मिंटला किमान २० जीबी लागतात, पण रोजच्या वापराला ६० जीबी तरी द्या, म्हणजे चौकटीत ६१४४० लिहा. कधीकधी ड्राइव्हवर दीडशे जीबी मोकळे असूनही विंडोज जेमतेम आठ-दहा जीबी सोडायला तयार होतं. ड्राइव्हच्या शेवटाकडे पेजफाइल (रॅम अपुरी पडली की विंडोज वापरतं ती फाइल) किंवा रिस्टोअर पॉइंटसारख्या न हलणाऱ्या फाइल्स बसलेल्या असतात, म्हणून असं होतं. 'सिस्टिम प्रोटेक्शन' आणि पेजफाइल तात्पुरतं बंद करा, रीस्टार्ट करा, पुन्हा श्रिंक करा आणि मग दोन्ही परत चालू करा. सुटलेली जागा काळ्या पट्टीखाली 'अनअलोकेटेड' म्हणून दिसेल. ती तशीच राहू द्या, तिचा नवा ड्राइव्ह बनवू नका.

पेनड्राइव्ह किमान ८ जीबीचा घ्या. त्यावरचं सगळं पुसलं जाईल. मिंटच्या साइटवरून आयएसओ (इन्स्टॉलेशनची फाइल) उतरवून घ्या आणि तिथे दिलेल्या चेकसमशी (फाइल पूर्ण उतरली का हे पडताळायचा अंक-अक्षरांचा संकेत) ताडून बघा. अर्धवट उतरलेली फाइल इन्स्टॉलेशनच्या ऐन मध्यात दगा देते. रुफस या विंडोजवरच्या मोफत प्रोग्रॅममध्ये 'जीपीटी' (डिस्कच्या रचनेचा प्रकार) आणि 'यूईएफआय' निवडून पेनड्राइव्ह तयार करा. लॅपटॉप सुरू होताना बूट मेनूची की दाबत राहा: डेल आणि लेनोव्होवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९, असुसच्या लॅपटॉपवर एस्केप.

मिंट पेनड्राइव्हवरूनच उघडतं. लगेच 'इन्स्टॉल'वर जाऊ नका. वायफाय, आवाज, टचपॅड, स्क्रीनची उजेडपट्टी हे सगळं आधी चालवून बघा. स्क्रीन काळी पडली तर पेनड्राइव्हवरून सुरू होताना येणाऱ्या मिंटच्या मेनूतला 'कम्पॅटिबिलिटी मोड' निवडा. वायफाय दिसलं नाही तर फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग करा.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर इंटेलच्या काही लॅपटॉपवर बायोसमधलं 'आरएसटी' किंवा 'व्हीएमडी' (डिस्क हाताळायची इंटेलची खास पद्धत) आड आलेलं असतं. ते थेट बंद केलं तर विंडोज निळ्या स्क्रीनवर अडकतं. म्हणून आधी विंडोजच्या 'सिस्टिम कॉन्फिगरेशन'मध्ये 'सेफ बूट'वर खूण करा, रीस्टार्ट करून बायोसमध्ये 'एएचसीआय' (डिस्क हाताळायची साधी पद्धत) निवडा (किंवा व्हीएमडी बंद करा), विंडोज एकदा सेफ मोडमध्ये उघडू द्या आणि मग ती खूण काढा.

'इन्स्टॉलेशन टाइप'चा पडदा आला की हात सावकाश चालवा. 'इरेज डिस्क'ला अजिबात हात लावू नका, त्याने विंडोजसकट सगळं जातं. 'समथिंग एल्स' निवडा. यादीत आकार वाचून प्रत्येक भाग ओळखा. आपली मोकळी जागा इथे ६१४४० ऐवजी साधारण ६४४२४ एमबी दिसेल, कारण विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं आणि हा इन्स्टॉलर १००० च्या. आकडा जुळत नाही म्हणून घाबरू नका. 'फ्री स्पेस'वर क्लिक करून अधिकचं चिन्ह दाबा, प्रकार 'ईएक्सटी४' (लिनक्सची फाइल साठवायची पद्धत), माउंट पॉइंट '/' (म्हणजे मिंटचं सगळं याच भागात बसेल). शंभर ते तीनशे एमबीचा 'ईएफआय' भाग (सिस्टिम सुरू करणाऱ्या फाइल्सचा) दोन्ही सिस्टिमना मिळून वापरायचा आहे. त्याच्यापुढे 'फॉरमॅट'ची खूण नाही याची खात्री करा. तो पुसला गेला तर विंडोजच्या फाइल्स शाबूत राहूनही विंडोज सुरू होत नाही. स्वॅपसाठी (रॅम अपुरी पडली की वापरायच्या जागेसाठी) वेगळा भाग लागत नाही, मिंट त्याची फाइल स्वतः करतं. खालच्या बूट लोडरच्या (सिस्टिम सुरू करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमच्या) यादीत लॅपटॉपचीच डिस्क निवडलेली हवी, पेनड्राइव्ह नाही.

मल्टिमीडिया कोडेक्सवर (गाणी-व्हिडिओ चालवायच्या जोडफाइल्सवर) खूण केली आणि बायोसमधलं सिक्युअर बूट (अनोळखी सॉफ्टवेअर सुरू होऊ न देणारी सोय) चालू असेल तर तिथे एक पासवर्ड मागतात. तो लक्षात ठेवा. रीस्टार्टनंतर निळ्या पडद्यावर 'एनरोल मॉक' निवडून तोच द्यायचा असतो. हा पडदा थोडाच वेळ थांबतो.

सगळं झाल्यावरही थेट विंडोजच उघडलं तर बायोसच्या बूट क्रमात 'उबुंटू' वर आणा. मिंटची नोंद तिथे बहुधा त्याच नावाने असते. भारतात हमखास येणारी दुसरी अडचण घड्याळाची: मिंट वापरून विंडोजमध्ये आलं की वेळ साडेपाच तास मागे पडलेली दिसते. मशीनच्या आतल्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ ठेवतं आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. मिंटच्या टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) 'timedatectl set-local-rtc 1' ही आज्ञा दिली की दोघांचं जुळतं.

मराठी टायपिंगसाठी कीबोर्ड सेटिंग्जच्या 'लेआउट्स'मध्ये इंडियनखालचा मराठी इनस्क्रिप्ट घ्या. विंडोजवर इनस्क्रिप्टची सवय असेल तर बोटं लगेच बसतात.

पुढे कधी मिंट काढायचं ठरलं तर आधी बायोसमध्ये 'विंडोज बूट मॅनेजर' वर आणा, विंडोज नीट उघडतं का बघा आणि मगच डिस्क मॅनेजमेंटमधून मिंटचा भाग डिलीट करा. क्रम उलटा झाला तर काळ्या पडद्यावर 'ग्रब' (मिंटचा बूट लोडर) किंवा 'ग्रब रेस्क्यू' एवढंच दिसतं. अशा वेळी मशीन बंद करून बूट मेनूमधून 'विंडोज बूट मॅनेजर' निवडा. विंडोज जागेवरच असतं.